सिद्धनाथा, दुसरी वाट राहूनच गेली

विघ्नहर्त्या गजाननाच्या चरणी मस्तक ठेवतो, कृष्णामाईला वंदन करतो, आणि ज्या वाग्देवीने आयुष्यभर मला अन्न आणि मान दोन्ही दिले तिची अनुज्ञा घेऊन लिहावयास बसतो. प्रसंग तुझ्या जाण्याचा आहे, सिद्धनाथा. परवा तुझे तेरावे झाले. विद्यार्थ्याने गुरूविषयी लिहावे हा जगाचा क्रम. तो उलटला, आणि उलटला हे बुद्धीला कळूनही मनाला अजून नीट कळलेले नाही.

मला रडू आलेले नाही. पहाटे जाग येते, स्नानसंध्या होते, देवाला नैवेद्य दाखवला जातो. हात आपापली कामे जाणतात. सूनबाई चहा पुढे ठेवते, तो पिऊन होतो. आणि साखर बरोबर होती का असे तिने विचारले की चव आठवत नाही. गीतेचा दुसरा अध्याय मी किती वर्गांना शिकवला. त्यातील श्लोक या दिवसांत ओठांवर येतात आणि तसेच निघून जातात, ओळखीचा मनुष्य रस्त्याच्या पलीकडून न थांबता निघून जावा तसे.

तुझे पद, तुझे सन्मान यांविषयी वर्तमानपत्रात येऊन गेले. भूतानसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या, चहूकडून परक्या भूमीने वेढलेल्या लहानशा देशात इंटरनेटची घडी बसवणाऱ्यांपैकी तू एक होतास, हेही त्यांनी लिहिले. मी ते कात्रण कापून ठेवले नाही. मला तुझ्याशी बोलायचे आहे, कारण आपले दोन वाद अर्धे राहिले आहेत आणि त्यांपैकी एकाचा निकाल तुझ्या दहाव्याला, तुझ्या अनुपस्थितीत लागला.

कोरेगावच्या शाळेत तू माझ्याकडे संस्कृतला आलास तेव्हा तुझे वडील मेंढरे घेऊन माणदेशातून खाली उतरत. दरवर्षी तिकडचा चारा संपला की कळप आमच्या बाजूस येई. कुणाच्या रानात मेंढरांचा वाडा बसवायचा, कुणाच्या बांधावरून जायचे, हे ते गावोगावच्या शेतकऱ्यांशी आधी बोलून ठरवीत. एकदा शाळेच्या फाटकाशी घोंगडे सावरीत उभे राहून त्यांनी मला सांगितलेले वाक्य तू पुढे जन्मभर वापरलेस. मी सहज विचारले होते, "सगळे ठरलेले असताना दुसऱ्या रानाचे बोलणे कशाला करून ठेवता?" ते म्हणाले, "आवं गुरुजी, येका वाटंवर कळप घालू न्हाई. मानूस चांगला आसतुया, पर त्यानं रान पेरलं तर आमी मेंढरं काय डोस्क्यावर घिऊन जायाची?"

तू भूतानला गेलास तेव्हा मला वाटले, हा आपल्या मातीपासून फार लांब गेला. प्रत्यक्षात तू तुझ्या वडिलांचेच काम करावयास गेला होतास, हे मला फार सावकाश उमगले.

माझ्यासारख्याला समजावे म्हणून तू कितीदा तरी तेच धीराने सांगितलेस. जगाचे सारे बोलणे समुद्रतळाशी टाकलेल्या दोरांतून जाते. ज्या देशाला समुद्र नाही, त्याला शेजाऱ्याच्या भूमीतून वाट मागावी लागते. भूतानची वाट आपल्या देशातून येते. तिकडच्या डोंगरांत जमीन खणून तार टाकणे अवघड, म्हणून विजेच्या उंच मनोऱ्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या तारेच्या पोटातच काचेचे तंतू ओवले गेले. "गुरुजी, वीज आणि वाणी एकाच मनोऱ्यावरून जातात," असे तू म्हणालास तेव्हा मला फार आनंद झाला होता. तेवढे एकच वाक्य तू माझ्यासाठी संस्कृताच्या वळणाने बोललास. बाकी सारे तुझ्या घरच्या बोलीत.

तुझा धाकटा भाऊ बिरू, ज्याने अजून मेंढरे सोडलेली नाहीत, तो तुझी थट्टा करी. तू सुटीवर आलास की सांगलीच्या माझ्या गावभागातल्या घरी तुम्ही दोघे मिळून येत असा.

"दादा, तकडं मेंढरं हायत का न्हाईत?"

"थोडी हायत. याक लय. केसाळ म्हशीगत आसतुया."

"आन् तू काय करतुयास तकडं?"

"शेजाऱ्याकडनं वाट मागून घेतो."

"मंजी हितं बी धनगर आन् तकडं बी धनगर! मग येवढं शिकून रं काय केलंस गड्या?"

तू पोट धरून हसलास. मीही हसलो होतो. आता ते आठवताना चेहऱ्यावर काही हलत नाही, तरी आठवण मात्र स्वच्छ उमटते.

तिथे गेल्यावर तू पहिली लढाई कशाची लढलास ते मला पाठ आहे. थिंफूमध्ये एका कचेरीतून रस्त्यापलीकडच्या कचेरीला पाठवलेला संदेश देशाबाहेर जाऊन, परक्या शहरातून वळसा घालून परत येत असे, कारण दोन्ही कचेऱ्यांच्या सेवा निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या आणि त्या कंपन्या एकमेकींशी देशात कुठेच जोडलेल्या नव्हत्या. मी विचारले होते, "म्हणजे गावभागातून इथल्याच विश्रामबागेत धाडलेली चिठ्ठी आधी विलायतेला जाणार?"

"व्हय गुरुजी. आन् विलायतेचा दरवाजा लागला, तर विश्रामबागेत बी पोचायची न्हाई."

मग तुम्ही सर्वांना एका खोलीत आणलेत. प्रत्येकाने आपली तार तिथवर आणावी आणि देशातला संदेश देशातल्या देशात एकमेकांच्या हाती द्यावा, एवढेच त्या खोलीचे काम. त्यासाठी तुला किती बैठकींत बसावे लागले, किती जणांचे रुसवे काढावे लागले! कुणी म्हणे, माझी गिऱ्हाइके दुसरा पळवील. कुणी म्हणे, खोलीची किल्ली कुणाकडे राहणार? पूर्वी आपल्या हळदीच्या पेठेत रुमालाखाली बोटे धरून दर ठरत, तसे व्यवहार तुला त्या देशात नको होते. नियम सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावावा, हा तुझा हट्ट. तुझे धोरण तू एका वाक्यात सांगत असस: घरचे घरात राहू द्यावे, आणि ज्याला बाहेर जायलाच हवे तेवढेच सीमेवरून जाऊ द्यावे. त्या खोलीच्या बाबतीत तू जिंकलास.

दुसरी लढाई दुसऱ्या वाटेची. देशाबाहेर जाणाऱ्या तारा एकाच शेजाऱ्याच्या, एकाच अरुंद पट्ट्यातून जातात. म्हणून वेगळ्या दिशेने, दुसऱ्या शेजाऱ्याकडून आणखी एक वाट घ्यावी, असे तू वर्षानुवर्षे लिहीत आणि सांगत राहिलास. यावरच आपला पहिला वाद. मी म्हणे, शेजारी मित्र असताना दुसरा दरवाजा शोधणे हा मैत्रीचा अवमान आहे. जो दान देतो त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्याच्या दारी उभे राहू नये, हे मी लहानपणापासून शिकलेलो. तू कधी आवाज चढवला नाहीस. "गुरुजी, मैत्री मानसांत आसतीय. दरडीला कुठं ठावं हाय कोन कुनाचा मित्र?" एवढे बोलून तू विषय बदलत असस. वाट बोलण्यातच राहिली. कागदावरून भूमीवर पूर्ण उतरलेली तुला पाहता आली नाही. निवृत्त होऊन तू विश्रामबागेत घर केलेस, तरी पावसाळा लागला की तिकडच्या सहकाऱ्यांना फोन करून विचारायचास, "दरडी कुठं कुठं आल्यात?"

दुसरा वाद तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाचा. तू तिकडे, रजा मिळेना. थिंफूहून फोन केलास की मी इकडून मंत्र म्हणावेत आणि तू तिकडे क्रिया करावीस. मी नको म्हणालो. संकल्पात कर्त्याने आपला काळ आणि आपला देश उच्चारावा लागतो. मी कोणत्या भूमीवर, कोणत्या नदीकाठी उभा आहे हे देवापुढे आणि पितरांपुढे खरे सांगायचे, मगच पाणी सोडायचे. मी कृष्णाकाठी आणि तू हिमालयात. मग उच्चार कोणत्या देशाचा? तू म्हणालास, "वाट हाय गुरुजी. म्या बांधलीय. तुमी फकस्त बोला." मी म्हणालो, क्रिया तारेतून जात नाही. तू पुढे रजा मिळाल्यावर येऊन श्राद्ध केलेस, मनात काही ठेवले नाहीस. पण वाद मिटला असे आपण दोघांपैकी कुणीच म्हटले नाही.

आणि मग त्या सकाळी तू अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. बिरू मेंढरे पोराच्या स्वाधीन करून आला, त्याने अग्नी दिला. तुझी एकुलती एक मुलगी अश्विनी भूतानच्या पूर्व भागात, मोंगारच्या खाली कुरी नदीवरच्या वीजप्रकल्पात नोकरीला. पावसाने घाटरस्ता दरडीखाली गेलेला, ढगांमुळे तिकडचे छोटे विमान उडेना. अंत्यदर्शन हुकले. दहाव्याला तरी पोहोचावे म्हणून ती दोनदा निघाली आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरली. शेवटी तिचा मला फोन आला.

"आजोबा, दहावं मला करायचंय. काका करतील ते करू देत, पण बाबांना माझ्या हातचं पाणी मिळायला हवं. मी पोहोचत नाही. तुम्ही फोनवरून सांगाल का?"

मी पौरोहित्य करीत नाही हे तिला ठाऊक होते. तुझ्या आईच्या वेळी मी काय म्हणालो तेही ठाऊक होते. "बाबा सांगायचे," ती म्हणाली, "गुरुजी नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, फक्त थांबून राहा. म्हणून मी फोन ठेवत नाही." आणि खरोखर ती बोलेना, ठेवीना. पलीकडे पावसाचा आवाज येत राहिला.

सिद्धनाथा, मी त्या क्षणी शास्त्रवचन शोधले नाही. मला तुझे धोरण आठवले. घरचे घरात राहावे. तिची नदी तिच्या समोर आहे, तीळ आणि दर्भ तिला तिथे मिळतील, भूमी तिच्या पायांखाली खरी आहे. तर मग क्रिया तिथेच, तिच्याच देशाच्या उच्चाराने, तिच्याच पाण्यात पूर्ण व्हावी. सीमा ओलांडून जावा तो केवळ माझा आवाज. शिकवणाऱ्याचा आवाज दुरून येतो हे तर माझ्या परंपरेला मान्यच आहे. मी तिला म्हणालो, "तुझ्या नदीचे नाव नीट उच्चारून दाखव." तिने कुरी असे म्हटले. मी संकल्प बांधला: हिमवतो दक्षिणे पार्श्वे, कुरीनद्याः तीरे. आमच्या कोणत्याही पोथीत हा देशोच्चार नाही. लिहिताना हात थांबला नाही, एवढे मला आठवते.

दहाव्या दिवशी कृष्णेला पाणी चढलेले होते. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, म्हणून वरच्या टप्प्यावर आम्ही बसलो. इकडे बिरू, तिकडे अश्विनी. मधे माझ्या नातसुनेने फोन एका तांब्याला टेकवून ठेवला होता. थिंफूहून तुझे जुने सहकारी दोर्जीसाहेबही ऐकत होते. त्यांनीच तशी इच्छा कळवली होती. बिरूने दबल्या स्वरात विचारले, "गुरुजी, येका मानसाला दोन नद्यांचं पानी चालतंय का?"

"चालते."

"मग दादा तकडं जाईल का हितं ऱ्हाईल?"

"बिरू, तीळ हातात घे."

अश्विनीचा संकल्प निर्दोष झाला. तिचा आवाज कापत होता, उच्चार कापत नव्हता. तिच्या लहानपणी तू तिला स्तोत्रे शिकवली होतीस हे त्यात ऐकू आले. मी तिलांजलीच्या मंत्राला आरंभ केला. तिने पहिली ओंजळ सोडल्याचा आवाज आला, आणि फोनच्या पटलावर तिची ओंजळ तशीच थिजून राहिली. नातसुनेने फोन हलवला, बंद केला, पुन्हा लावला. काही नाही.

"गुरुजी," बिरू म्हणाला, "तकडं काय बी ऐकू जात न्हाई आता."

मी थांबलो नाही. थांबावे की नाही याचा निर्णय घेतल्याचेही आठवत नाही. तिच्या वाट्याचे मंत्र मी त्या काळ्या काचेकडे पाहून शेवटपर्यंत म्हटले, मग बिरूचे. पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. "दादाचं काय अडलंच न्हाई बगा," म्हणून बिरूने डोळे पुसले. तुझे काय अडले होते ते मला ठाऊक होते, आणि ते त्याच वेळी माझ्या समोर, तांब्याला टेकून, मुके उभे होते.

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. सीमेकडच्या रस्त्यावर मोठी दरड कोसळून, मनोऱ्यांवरून उतरून तिथून बाहेर जाणाऱ्या तारा तुटल्या होत्या. सारा देश काही तास जगापासून सुटा झाला होता. दुसरी वाट असती तर तुटले आहे हे आपल्याला कळलेही नसते.

मी तिला विचारले, "पुढे काय केलेस, बाळ? अंजली किती राहिल्या?"

"आजोबा, मी नदीत उभी होते. तुमचा आवाज गेला आणि मला पुढचं काहीच येईना. तेवढ्यात दोर्जीअंकलचा फोन वाजला. देशातल्या लाइन सगळ्या चालू होत्या. ते म्हणाले, बाहेरचं गेलंय, आपलं आतलं गेलेलं नाही. तुझ्या गुरुजींचे मंत्र मला येत नाहीत, माझे म्हणू का? मी हो म्हटलं. ते म्हणत राहिले, मी पाणी सोडत राहिले. त्यांच्या ऑफिसातले सगळे एकेक करत जोडले गेले. सगळे तेच म्हणत होते. चुकलं का माझं?"

त्यांनी काय म्हटले ते तिने मला ऐकवले. मणिपद्माचा तो बौद्ध मंत्र, ॐ मणिपद्मे हूँ. उच्चार हिमालयाने घडवलेले, पण शब्द माझ्याच भाषेचे. इथून कधी काळी डोंगर चढून गेलेले. माझा आवाज जिथे अडला तिथून तुझ्या माणसांनी तुझ्या खोलीतल्या तारांवरून तुला पाणी दिले. मी तिला म्हणालो, "चुकले नाही. पूर्ण झाले." इतके बोलून मी फोन खाली ठेवला. तेवढेच.

म्हणून पहिला वाद तू जिंकलास, हे मी या लेखात सर्वांसमक्ष नोंदवतो. मित्राच्या दारी कृतज्ञतेने उभे राहूनही दुसरी वाट मागता येते. तुझ्या वडिलांनी फाटकाशी सांगितले तेव्हाच मी ते समजून घ्यायला हवे होते असे कुणी म्हटले, तर माझे उत्तर एवढेच की मेंढरे हाकणे माझ्या वाट्याला कधी आले नाही. ज्यांच्या हाती त्या देशाच्या आणि आपल्या देशाच्या वाटा आहेत, त्यांनी ती दुसरी वाट लवकर पुरी करावी, अशी एका वृद्ध शिक्षकाची विनंती त्यांच्या कानी कुणी घातली तर बरे होईल. दुसऱ्या वादात मात्र मी माझ्या जागी आहे. क्रिया तारेतून गेली नाही. ती कुरीकाठी झाली. तू असतास तर यावर हसून म्हणाला असतास, "तुमीच जितला गुरुजी, च्या पिऊ." ते आता कोण म्हणणार?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अश्विनीने विचारले, मासिक श्राद्धालाही माझा आवाज मिळेल का? मी म्हणालो, मिळणार नाही. मग मी सांगितले की आवाजावर विसंबून नदीत उभे राहण्याची वेळ तिच्यावर पुन्हा येऊ नये. सारे मंत्र तिला मुखोद्गत व्हायला हवेत. तार असो, नसो. मी पंच्याऐंशीच्या घरातला मनुष्य, तारेपेक्षा माझा तरी काय भरवसा?

आज सकाळी संध्या आटोपून मी पाटावर बसलो आणि तिला फोन लावला. कित्येक वर्षांनी पहिला धडा दिला. तिने पहिली ओळ म्हटली, दीर्घ स्वर ऱ्हस्व केला, मी तो सुधारला, तिने पुन्हा म्हटली. सूनबाईने चहा आणून ठेवला. आज तो फार गोड झाला होता.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुमच्या घरातले दूर गेलेले कुशल असोत. त्यांच्यापर्यंत तुमचा शब्द आणि तुमच्यापर्यंत त्यांचा शब्द विनाविघ्न पोहोचो. तुमच्या उंबऱ्यातून जाणारी कोणतीही वाट एकटी न राहो, तुमच्या देवघरातला दिवा शांत तेवो, आणि मुलाबाळांच्या मुखी तुमचे उत्तम ते सारे वेळेवर उतरो. इति शुभं भवतु.